एकास बारा मापाचा मोजा

रविवारी सकाळी साडेदहाला फोन वाजला आणि टिल्लीने आजोबांकडे नाताळ मागितला.

स्वतःसाठी नव्हे, बाहुलीघरासाठी. टिल्ली चार वर्षांची झाली तेव्हा आजोबांनीच तिला ते चार खोल्यांचं लाकडी घर बांधून दिलं होतं. खालच्या दिवाणखान्यात भिंतीत बसवलेली एक फायरप्लेस होती. अंड्यांच्या ट्रेच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या विटा, वर पॉलिश केलेली फळी, आत नारिंगी काचेचे तुकडे आणि त्यांच्यामागे एक मिणमिणता दिवा. ती फायरप्लेस तेव्हापासून उन्हाळा-पावसाळा न बघता जळत होती. आता टिल्लीने कुठल्याशा पुस्तकात चित्र पाहिलं होतं: फळीवर हिरव्या पानांची माळ, मेणबत्त्या आणि खाली ओळीने टांगलेले लोकरीचे लांब मोजे.

“मोजे पाहिजेतच,” ती सांगत होती. “घरातल्या प्रत्येकाचा एक. बाबांचा, आईचा, तुमचा, माझा.” मग थोडी थांबली. “आणि आजीचापण.”

आजोबांनी फोन कानाला तसाच धरून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आजी हात पुसत तिथे उभ्या होत्या. फोनचा स्पीकर बंद होता, पण टिल्लीच्या आवाजाला स्पीकरची गरज कधीच पडली नव्हती. पुसून कोरडे झालेले हात आजींनी परत एकदा पुसले.

आजोबा निवृत्त बसड्रायव्हर. गल्लीत अजूनही सगळे त्यांना ड्रायव्हरच म्हणतात. आजींची सारी नोकरी दातांच्या लॅबोरेटरीत गेली. कवळ्या, दातांवर बसवायच्या टोप्या, कवळीला आधार देणारे तारेचे हूक हे सगळं त्या हाताने करत. डॉक्टरांकडून आलेल्या साच्यात केसभर खोट असली तरी काम परत पाठवत, म्हणून लॅबमध्ये त्यांचं नाव मिलिमीटरबाई पडलं. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. घरी मात्र ड्रायव्हर राजरोस म्हणत.

बाहुलीघराचं काम दोघांनी वाटून घेतलं होतं. लाकूड ड्रायव्हरांचं. काडेपेटीपेक्षा लहान असेल ते बाईंचं. नियम एकच होता, एकास बारा. खऱ्या घरात जी वस्तू बारा इंच, ती इथे एक इंच. ड्रायव्हरांनी एकदा दाराला बाजारातून आणलेली पितळी मूठ लावली, तर बाईंनी भिंग लावून ती पाहिली आणि म्हणाल्या, “हत्ती राहतो का या घरात?” मूठ उपटली गेली. ड्रायव्हर दोन दिवस कुरकुरले, मग त्यांनी दुसरी केली. ती बरोबर मापाची होती आणि त्यांनाही ती पाहून बरं वाटलं, पण तसं त्यांनी कबूल केलं नाही.

रविवारचा फोन फक्त आजोबा आणि नातीचा असे. बाईंचा आणि लेकीचा, म्हणजे टिल्लीच्या आईचा, बोलण्याचा रस्ता दोन वर्षांपूर्वी एका बुटांच्या दुकानात बंद झाला होता.

टिल्लीचं डावं पाऊल जन्मतःच आत वळलेलं होतं. प्लास्टर लावून, पट्ट्या बांधून ते सरळ झालं. पोर चालायला लागली, पळायला लागली, सायकलवर बसली. फक्त ते पाऊल उजव्यापेक्षा थोडं लहान राहिलं. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. टिल्लीला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. लेक रोज सकाळी डाव्या बुटाच्या टोकात कापूस भरायची आणि पाय उबदार राहावा म्हणून, असं म्हणायची. टिल्लीचा त्यावर विश्वास होता.

त्या दिवशी शाळेचे बूट घ्यायला तिघी गेल्या होत्या. दुकान भरलेलं होतं. विक्रेत्याने सवयीप्रमाणे उजव्या पायाचं माप घेतलं आणि डबा आणायला वळला.

“डाव्याचंही घ्या,” बाई म्हणाल्या.

“सारखाच असतो हो, आजी.”

सारखाच असतो, हे वाक्य बाईंना आयुष्यभर खुपलं होतं. त्या स्वतः खाली बसल्या, माप घ्यायची पट्टी ओढली, टिल्लीची टाच नीट टेकवली आणि डोकं वर न करता म्हणाल्या, “डावा बारा मिलिमीटर आखूड. दोन मापांचे बूट लागतील.” आवाज कामाचा होता, म्हणजे मोठा. बाकावर बसलेल्या दोन मुलांनी आइस्क्रीम खायचं थांबवून टिल्लीच्या पायांकडे पाहिलं. मग टिल्लीनेही पाहिलं.

आठवड्याने लेकीचा फोन आला. टिल्ली रोज झोपताना पट्टी घेऊन येते, म्हणाली. आज किती वाढला, असं विचारते. कालपर्यंत वाढला नव्हता.

बाई म्हणाल्या, “मी खोटं काय सांगितलं?”

“काहीच नाही. तू बरोबर होतीस, आई. तू नेहमीच बरोबर असतेस. म्हणूनच म्हणते, थोडे दिवस येऊ नकोस.”

थोडे दिवस म्हणजे किती, हे मापाच्या बाबतीत इतक्या काटेकोर असलेल्या बाईंनी विचारलं नाही. लेकीनेही सांगितलं नाही.

सोमवारपासून जेवणाच्या टेबलावर नाताळ सुरू झाला.

माळ आधी झाली. बारीक तांब्याच्या तारेला हिरवा दोरा गुंडाळला आणि कागदाची पानं कात्रीने एकेक कापून चिकटवली. लाल फळांसाठी बाईंनी दोऱ्याच्या टोकांना गाठी मारल्या आणि त्या नेलपॉलिशमध्ये बुडवून वाळत टांगल्या. मेणबत्त्यांना लॅबमधल्या जुन्या मेणाच्या पट्ट्या कामी आल्या. पट्टी कोमट करायची, दोऱ्याभोवती तळहाताने लाटायची, टोक सुईने वितळवायचं आणि एक ओघळ खाली येऊ द्यायचा. ओघळ नसलेली मेणबत्ती नवी दिसते आणि नवी मेणबत्ती पेटलेली असू शकत नाही, असं बाईंचं म्हणणं.

“हे बघायला भिंग कोण लावणार आहे?” ड्रायव्हरांनी विचारलं. ते फायरप्लेसजवळ ठेवायच्या मोळीसाठी लाकडाच्या ढलप्या सोलत होते.

“मी.”

“तू तिथे असणारेस का?”

बाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. ड्रायव्हरांनाही आपण काय बोललो ते उशिरा कळलं. ते ढलप्या सोलत राहिले.

मग मोजे. कवळीच्या हुकाची स्टीलची तार घासून बाईंनी दोन सुया केल्या आणि लोकरीचा धागा उसवून त्याचा एकच पदर घेतला. मोजे सपाट विणायचे आणि मागून शिवायचे. ड्रायव्हरांच्या बुटाचा नंबर माहीत होता. स्वतःचा होता. लेकीचा कॉलेजपासून बदललेला नव्हता. जावयाची चप्पल दाराशी काढलेली असायची, तेव्हा एकदा नजरेने घेतलेलं माप बाईंच्या डोक्यात तसंच होतं. चार मोजे झाले. पाचव्यापाशी सुया थांबल्या.

“काय झालं?”

“कुठल्या पायाचा करू?”

ड्रायव्हरांना आधी कळलं नाही. मग कळलं आणि त्यांनी चाकू खाली ठेवला. “अगं, टांगायचा मोजा आहे. त्याला डावा-उजवा असतो होय?”

“मोजा घालण्यासाठी असतो. टांगतात तेव्हा तो फक्त रिकामा असतो.”

“मग उजव्याचा कर आणि मोकळी हो.”

“म्हणजे डावा लपवला.”

“मग डाव्याचा कर.”

“म्हणजे पुन्हा तेच. सगळ्यांच्या ओळीत तिचाच आखूड.”

“ती लहान आहे, बाई! तिचा आखूडच असणार!”

“किती आखूड असायला हवा, ते तिला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “पट्टी घेऊन झोपते ती.”

ड्रायव्हर चहा ठेवायला उठले. घरात अडचण आली की चहा ठेवायचा ही त्यांची बसडेपोतली सवय होती.

बाई बसून राहिल्या. लॅबमधली सुरुवातीची वर्षं त्यांना आठवत होती. एका रिटायर्ड मास्तरांची कवळी त्यांनी अशी केली होती की दातांची ओळ पट्टीने आखल्यासारखी. चावायला उत्तम. महिन्याने मास्तर परत आले आणि म्हणाले, बाकी सगळं झकास आहे, पण मी हसलो की घरचे माझ्याकडे बघत नाहीत, दातांकडे बघतात. तेव्हापासून बाई माणसाचा जुना फोटो मागवून घेत. पुढचा एखादा दात जरासा फिरवून बसवत, एखादा दुसऱ्यापेक्षा किंचित आखूड. कुणाच्याही तोंडात डावं आणि उजवं सारखं नसतं. मग पायात तरी का असावं?

“अहो, मोजे काढा,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“पायातले. आणि या कागदावर उभे राहा.”

ड्रायव्हर हातात चहाचं भांडं घेऊन कागदावर उभे राहिले. बाईंनी पेन्सिल उभी धरून दोन्ही पावलं गिरवली. गुदगुल्या होतात म्हणून ड्रायव्हर हलले, ओरडा खाल्ला, पुन्हा उभे राहिले. उजवा पाय चार मिलिमीटर मोठा निघाला.

“ब्रेकचा पाय,” ड्रायव्हर खूश होऊन म्हणाले. “दाबून दाबून वाढलाय. लोकांचे जीव वाचवलेत त्याने. तुझं काय?”

बाईंच्या पायांत तीनचा फरक निघाला. त्यांना स्वतःलाही हे आजवर ठाऊक नव्हतं. त्यांनी ते लिहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. प्रत्येकाचा एकेक मोजा कशाला? प्रत्येकाची जोडी करायची. प्रत्येक जोडी विजोड. सगळ्यांचे पाय असेच असतात, हे न बोलता त्या फळीखाली टांगायचं. टिल्लीच्या नजरेतून ते सुटणार नाही. लेकीच्याही नाही.

ड्रायव्हरांनाही ते पटलं. “डोकं आहे तुला,” ते म्हणाले.

ते समाधान गणित करेपर्यंत टिकलं. चार मिलिमीटरचा बारावा भाग म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. बाईंच्या सुयांवर एक ओळ विणली की मोजा एक मिलिमीटर पुढे सरकत होता. ओळीचा तिसरा हिस्सा विणता येत नाही. ड्रायव्हरांचे दोन मोजे सारखेच येणार होते. बाईंचे सारखे. लेकीच्या आणि जावयाच्या पायांतही फार तर एवढाच फरक असणार, म्हणजे त्यांचेही सारखे. फक्त बारा मिलिमीटरला बाराने भागलं की एक येतो, अख्खी एक ओळ. इतक्या लहान मापात सगळ्यांची खोट पुसली जात होती आणि एकट्या टिल्लीची उरत होती.

बाईंनी हिशेब दोनदा तपासला. तो बरोबर होता.

“मग माझ्या एका मोज्याला दोन ओळी जास्त घाल,” ड्रायव्हर म्हणाले. “मी कुठे तक्रार करायला जाणार नाही.”

“खोटं होईल ते.”

“आणि जन्मभर कवळ्या केल्यास, ते खरे दात होते?”

“त्या तोंडात बसत होत्या. हे बसणार नाही.”

“कुणाला बसणार नाही? बाहुलीला? तिचे पाय लाकडाचे आहेत!”

बाई हसल्या नाहीत. एरवी हसल्या असत्या. ड्रायव्हरांनी मग आवाज खाली आणला. “रविवारी मी तिला विचारू का, तुझ्या पायाचं माप सांग म्हणून? दोन वर्षं झाली. पाय वाढले असतील. फरकही बदलला असेल.”

“नको. या घरातून मापाचं नाव निघता कामा नये.”

“मग करणार काय तू?”

त्या दिवशी बाईंनी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी जोड्यांचा बेत सोडून त्यांनी पाचवा मोजा सुरू केला, लाल धाग्याचा, कारण लाल टिल्लीला आवडायचा असं त्यांना आठवत होतं. वरची पट्टी झाली, पोटरी झाली, टाच वळली. पावलाच्या निम्म्यावर येऊन त्या थांबल्या. टाके सुईवरच ठेवले. ते निसटू नयेत म्हणून सुयांच्या टोकांना कवळीच्या हिरड्या घडवायच्या गुलाबी मसाल्याचे बारीक गोळे बसवले आणि उरलेला धागा मिऱ्याएवढ्या गुंडीत गुंडाळून मोज्याला लटकू दिला.

ड्रायव्हरांनी भिंगातून पाहिलं. “हा अर्धाच आहे.”

“हो.”

“तिने पुरा करायचा?”

“तिचा पाय तिला माहीत. पाहिजे तेवढा विणेल.”

“आठ वर्षांची पोर हे विणणार?”

“लेकीला येतं. मी शिकवलंय.”

ड्रायव्हरांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, “राग मानू नकोस, पण एक सांगतो. खोका उघडल्यावर तिला काय दिसेल? चौघांचे मोजे पुरे आणि आपलाच अपुरा. तुझ्या मनात काय होतं हे खोक्यात कुठे दिसतंय?”

बाईंच्या हे ध्यानात आलं नव्हतं असं नाही. त्यांनी तो मोजा खोक्यातून काढला, टेबलावर ठेवला आणि समोर बसून पाहिला. पूर्ण करायला अर्धा तास लागला असता. किती लांबीचा, एवढाच प्रश्न होता आणि तो त्यांच्याने सुटत नव्हता. लॅबमध्ये त्यांनी एकही काम तपासल्याशिवाय बाहेर जाऊ दिलं नव्हतं. हे तपासायचं कशावर, हेच त्यांना कळत नव्हतं. त्यांनी मोजा कापसात गुंडाळला आणि पुन्हा खोक्यात ठेवला. सोबत चिठ्ठी घालतेस का, असं ड्रायव्हरांनी विचारलं. बाई म्हणाल्या, “नको. मी लिहिलं की त्यात आकडा येईल.”

पार्सल गुरुवारी पोचल्याचा निरोप ड्रायव्हरांच्या फोनवर आला.

रविवारी साडेदहाला फोन वाजला नाही.

ड्रायव्हर अकरापर्यंत फोनशेजारी पेपर वाचत बसले. पान उलटलं नाही. मग म्हणाले, कुठे तरी बाहेर गेले असतील. बाईंनी होकार भरला. दुपारी ते म्हणाले, मीच लावतो. बाई म्हणाल्या, राहू दे. पुढचे दोन दिवस घरात एकही भांडण झालं नाही. एवढं सभ्य वागणं दोघांनाही जड गेलं.

मंगळवारी संध्याकाळी बाई चष्म्याची काडी बसवून घ्यायला चष्मेवाल्याकडे गेल्या. परत आल्या तेव्हा ड्रायव्हर दार उघडून जिन्यातच उभे होते.

“फोन आला होता.”

“टिल्लीचा?”

“नाही, तिच्या आईचा.”

बाई शेवटच्या पायऱ्या चढून वर आल्या. आत गेल्या. खुर्चीवर बसल्या. “काय म्हणाली?”

“म्हणाली, बाबा, ते टाके बंद कसे करायचे? विसरलेय, म्हणाली.”

“मोज्याचे?”

“मग काय घराचे? मी म्हटलं, मला गिअरबॉक्सचं विचार, सांगतो. हे आईला विचार. ती बाहेर गेलीय, येईलच.”

“मग?”

“मग म्हणाली, बघते.”

“बघते, म्हणजे पुन्हा फोन करते?”

“बघते म्हणजे बघते.”

“विणला कोणी? तिने की टिल्लीने?”

“ते मी विचारलं नाही.”

“अहो, आणि किती…” बाई मध्येच थांबल्या. किती ओळी घातल्या हे विचारणार होत्या. “आवाज कसा होता?”

“आवाजासारखा.” मग ड्रायव्हरांना बाईंची दया आली असावी. ते नीट आठवू लागले. “मागे टीव्ही चालू होता. टिल्ली काहीतरी ओरडत होती. निसटतोय, निसटतोय, असं. लेक तिला म्हणाली, धरून ठेव. मग मला बघते म्हणाली आणि ठेवला.”

“रागावलेली होती?”

“घाईत होती.”

“तूच लाव की,” ड्रायव्हर पुढे म्हणाले. “नंबर बदललेला नाही तिचा.”

बाईंनी फोनकडे पाहिलं. “बघते म्हणालीय ना ती. बघू दे.”

त्यांनी कपाटातून जाड सुया आणि उरलेली लोकर काढली, दहा टाके घातले, दोन ओळी विणल्या आणि टाके बंद करायला घेतले. हाताला सगळं येत होतं. पण फोनवर हात दिसत नाही, तोंडाने सांगावं लागतं. दोन टाके उलटे न करता विणायचे, मग पहिला दुसऱ्यावरून उचलून टाकायचा, असं त्यांनी हळू आवाजात म्हणून पाहिलं. ऐकताना ते चुकीचं वाटलं. त्यांनी उसवलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी आधी शब्द, मग हात.

ड्रायव्हरांनी फोन उचलून त्यांच्याजवळ टेबलावर आणून ठेवला आणि चहा ठेवायला गेले.

पावणेसात वाजेपर्यंत फोन आलेला नव्हता.